कोन, फळी आणि दोर : एका बालवाडीतील प्रकल्प नोंदी

सोलापूरच्या पूर्व भागात, शेजारच्या यंत्रमागांचा खडखडाट दिवसभर ऐकू येतो अशा ठिकाणी, दोन खोल्यांच्या बालवाडीत मी शिकवते. पटावर २७ मुले आहेत आणि त्यांची वये सव्वातीन ते पावणेसहा वर्षांदरम्यानची आहेत. निम्म्याहून अधिक मुलांच्या घरी तेलुगू बोलतात, काहींच्या घरी कन्नड, चौघांच्या घरी दखनी आणि उरलेल्यांच्या घरी मराठी. मुलांना ओळीने बसवून पाटी गिरवून घेण्याचा भाग कमी करून वर्गात कामाचे कोपरे मांडायचे आणि मुले एकमेकांबरोबर काम करू लागतात का ते पाहायचे, असे या वर्षी ठरवले. ज्यांना असेच काही करून पाहायचे असेल त्यांना उपयोगी पडाव्यात म्हणून या नोंदी ठेवल्या आहेत. मुलांची नावे लिहिलेली नाहीत. प्रत्येकाच्या दप्तराच्या खुंटीवर एक चित्र चिकटवलेले असते. मुलाचा उल्लेख त्या चित्रानेच केला आहे.

१६ जून २०२५

मोठी खोली १८ फूट लांब व १२ फूट रुंद आहे. लहान खोलीत धान्याचे डबे, जुने फळे आणि मोडक्या खुर्च्या भरलेल्या होत्या. ती रिकामी करण्यात मावशींचे (आमच्या मदतनीस) आणि माझे तीन दिवस गेले. बालवाडी चालवणाऱ्या मंडळाने वर्षभराच्या साहित्यासाठी ४,००० रुपये मंजूर केले आहेत. तयार शैक्षणिक साहित्याचे दर पाहिल्यावर त्या पैशांत एक कपाटही भरणार नाही हे लक्षात आले, तेव्हा परिसरात फुकट मिळणाऱ्या वस्तूंवरच भर द्यायचा असे ठरले. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर हेच केले होते. त्यांच्याकडे शिंपले, बिया आणि पाने होती, आमच्याकडे सुताचे कोन, म्हणजे सूत गुंडाळायच्या पुठ्ठ्याच्या निमुळत्या नळ्या आहेत.

काम मोजण्यासाठी एक वही केली. सकाळी ९ ते १०.३० या वेळेत झालेली भांडणे मावशी त्यात रेघ मारून नोंदवणार आहेत आणि पुढे भांडणाऱ्यांची चित्रे लिहिणार आहेत. ओढाओढ, मारामारी, रडणे किंवा माझ्याकडे तक्रार घेऊन येणे, यांपैकी काहीही झाले तर ते एक भांडण. ओळीने बसवलेल्या वर्गात आज १४ भांडणे झाली.

१९ जून

उत्साहाच्या भरात पाच कोपरे एकाच दिवशी उघडले. भांडीकुंडी, चित्रे, माती, वाळू आणि एक लाकडी आगगाडी, जी मी स्वतः मधला मारुतीजवळच्या दुकानातून ३५० रुपयांना आणली होती. चाळीस मिनिटांत वाळू मातीत गेली, माती भांड्यांत गेली आणि आगगाडीचा एक डबा खिडकीतून बाहेर गेला. वहीत ४१ रेघा झाल्यावर मावशींनी मोजणे सोडून दिले, कारण वाळू डोळ्यांत गेलेल्या दोघांना धुवायचे होते. शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येते आणि तो दिवस पाण्याचा नव्हता.

२३ जून

तीन कोपरे बंद केले. माती आणि भांडीकुंडी एवढेच ठेवले, दोन्हींच्या मध्ये चटया उभ्या बांधून आडोसा केला. चार चटयांचे ५६० रुपये झाले. आगगाडी कपाटावर ठेवली आणि ती पुन्हा खाली आलीच नाही, म्हणजे तो खर्च वाया गेला. एकच आकर्षक वस्तू असली की वीस मुले तिच्याभोवती जमतात, एकाच्या हातात ती असते आणि एकोणीस जण त्याच्या हाताकडे पाहत उभे राहतात, ही साधी गोष्ट कळायला मला एक आठवडा आणि ३५० रुपये लागले. तीन-साडेतीन वर्षांच्या मुलांसाठी एकच छान वस्तू आणण्यापेक्षा सहा सारख्या साध्या वाट्या आणाव्यात.

२८ जून

अक्कलकोट रस्त्यावरच्या एका टॉवेल कारखान्यात सूत संपल्यावर उरलेले पुठ्ठ्याचे कोन मागितले. मुकादमांनी दोन पोती भरून दिली. मोजले तेव्हा २१० कोन निघाले. पैसे घेतले नाहीत. रिक्षाचे १८० रुपये झाले. चिकटलेले सूत काढायला मुलांनाच बसवले आणि तो तास वर्षातला आतापर्यंतचा सर्वांत शांत तास ठरला, ज्याची मी कोणतीही आखणी केलेली नव्हती.

८ जुलै

येथे मोठी चूक झाली. कोन रंगीत असावेत असे मला वाटले. मंडळाच्या माळ्यावर खिडक्यांना लावून उरलेल्या ऑइलपेंटचे दोन जुने डबे होते. थिनर व ब्रश यांवर २१० रुपये खर्च केले आणि ६४ कोन रंगवले. पावसाळी हवेत ते आठ दिवस चिकटच राहिले आणि लहान खोलीत वासाने बसवेना. नवव्या दिवशी ‘पतंग’चे वडील, जे स्वतः रंगकाम करतात, मुलीला न्यायला आले असता त्यांनी डबा उलटून पाहिला आणि तो किती सालचा आहे असे विचारले. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा जास्त नसावे असा नियम २०१६ साली झाला. आमच्या डब्यावर सालही वाचता येत नव्हते आणि प्रमाणही छापलेले नव्हते. मुले कोन तोंडाला लावून त्यांचे कर्णे करतात. सर्व ६४ कोन टाकून दिले. उरलेले १४६ तसेच, पुठ्ठ्याच्या रंगाचे, मुलांपुढे ठेवले. एकाही मुलाने रंगाबद्दल विचारले नाही.

१५ जुलै

वाटून घेण्याची सवय लागावी म्हणून घंटा सुरू केली होती. पाच मिनिटे झाली की घंटा वाजवायची आणि हातातले साहित्य पुढच्याला द्यायचे. सहा दिवस प्रामाणिकपणे चालवले आणि आज बंद केले. ज्याचा नंबर यायचा आहे तो खेळत नाही, माझ्या हातातल्या घंटेकडे पाहत बसतो. ज्याच्या हातात माती आहे तो चौथ्या मिनिटापासून ती घट्ट दाबून धरतो. ‘चमचा’ने एका दिवशी ३२ कोनांचा मनोरा जवळजवळ पूर्ण केला होता, घंटा वाजली, पुढच्या मुलाने नियमाप्रमाणे मनोरा ताब्यात घेतला आणि नियमाप्रमाणेच पाडला. चमचा माझ्याकडे तक्रार करायला आला नाही. त्याने घंटा उचलून मोरीत टाकली.

त्या दिवसाची भांडणे १९. ओळीने बसवत होते तेव्हा १४ होती, हेही येथे लिहून ठेवते.

२२ जुलै

आजची नोंद माझ्याविषयी आहे.

कुंभाराकडून १०० रुपयांची मळलेली माती आणली होती. गोळे वाटत असताना एक गोळा उरला आणि समोर दोघे होते, ‘मासा’ आणि ‘छत्री’. मासा वर्गात सर्वांत लहान, घरी फक्त तेलुगू. मी त्याच्यापुढे गोळा धरून “हवा का?” असे विचारले. तो म्हणाला, “नाकु.” मी तो गोळा छत्रीला दिला. मासा जमिनीवर पडून रडू लागला, छत्रीच्या केसांना हिसका दिला आणि मी त्याला दम दिला, की तूच नको म्हणालास ना, मग आता का रडतोस.

मावशी मोरीतून हात पुसत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “बाई, त्यानं नको म्हटलं नाही. नाकु म्हणजे मला. मला पाहिजे म्हणतोय तो.”

पाच आठवडे हे मूल माझ्याकडे वस्तू मागत होते आणि मी ती दुसऱ्याला देत होते. वही काढून पाहिली. पाच आठवड्यांत मासाचे चित्र २६ भांडणांपुढे लिहिलेले होते आणि त्यातली कितीतरी भांडणे वाटपाच्या वेळची होती. मी मनातल्या मनात त्याला हट्टी ठरवून टाकले होते. वीस वर्षे या शहरात राहून मला तेलुगूतला हा एक शब्द माहीत नव्हता, आणि तोही मराठीतल्या ‘नको’च्या इतका जवळचा.

संध्याकाळी मावशींकडून पंधरा शब्द लिहून घेतले. नाकु म्हणजे मला, नादी म्हणजे माझे, कावाले म्हणजे पाहिजे, वद्दु म्हणजे नको, रा म्हणजे ये. कन्नडमधले बेकु म्हणजे पाहिजे आणि बेड म्हणजे नको, हे छत्रीच्या आजीने सांगितले. सर्व शब्द फळ्याच्या कडेला मराठी अक्षरांत लिहिले. त्यावर भाषेचे पाठ घेतले नाहीत; वाटप करताना हवे त्या भाषेत विचारायचे, एवढेच. खर्च काही नाही. या वर्षात इतक्या कमी श्रमात इतका मोठा फरक दुसऱ्या कशानेही पडला नाही.

३० जुलै

चिंचोके मोजायला ठेवले होते. ‘पेरू’ने एक नाकात घातला. डॉक्टरांकडे नेऊन काढून आणेपर्यंत सकाळ गेली. वर्ग मावशींनी एकटीने सांभाळला. चिंचोके, मणी, बटणे सर्व काढून टाकले. त्यानंतर नळकाम करणाऱ्या एका पालकाकडून सव्वा इंची पाइपचा वीतभर तुकडा घेतला आहे. जी वस्तू त्या पाइपमधून आरपार जाते ती लहान मुलांच्या हाती द्यायची नाही. नवीन साहित्य आले की मोठी मुले स्वतःच पाइप घेऊन तपासायला बसतात.

११ ऑगस्ट

शनिवारी नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींचा रथ आमच्या भागातून निघाला. बहुतेक सर्व मुलांनी तो पाहिला होता, काही वडिलांच्या खांद्यावर बसून. आज सकाळी वर्ग उघडला आणि मी काही सांगण्याआधीच रथ सुरू झाला.

गेल्या महिन्यात वखारीतून ५ फूट लांबीच्या तीन जुन्या फळ्या प्रत्येकी २२० रुपयांना आणून ठेवल्या होत्या. सुताराने १५० रुपये घेऊन कडा गोल केल्या, घासून दिल्या आणि प्रत्येकीच्या टोकाला एक भोक पाडले. बसण्यासाठी बाक करावेत असा माझा विचार होता. एक फळी सुमारे साडेचार किलोंची आहे, म्हणजे मोठ्या गटातल्या मुलालाही ती एकट्याने नीट उचलता येत नाही. पतंगने एक टोक धरले, हलेना तेव्हा आजूबाजूला पाहिले आणि चमच्याला “रा, रा” म्हणून बोलावले. चमचा मराठी बोलणारा आहे. तो गेला. त्यांच्यात याच वहीत सात भांडणे नोंदलेली आहेत.

फळी मध्यावर आणून तिच्यावर कोनांचा कळस रचला गेला, एक बाहुली बसली आणि मग ओढायचे कसे हा प्रश्न आला. कोणीतरी फळीखाली आडवे कोन घातले. फळी पुढे गेली, पण सरळ न जाता भिंतीकडे वळली, कारण कोन एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला बारीक असतो आणि तसा गडगडला की गोलच फिरतो. मला उत्तर माहीत होते. तोंड आवरायला फार कष्ट पडले; मी मावशींकडे पाठ करून पोळ्यांचा डबा उगाच उघडझाप करत बसले. तीन वेळा रथ भिंतीला धडकल्यावर पतंगने एक कोन उलटा फिरवून घातला, जाड बाजू इकडे तर पुढच्याची तिकडे. रथ बराचसा सरळ चालला. नंतर छत्री वर बसली आणि कोन दबून चपटे झाले. चमच्याने कोनात कोन घालून तिहेरी कोन केले, ते टिकले.

नऊ मुले, पन्नास मिनिटे. मी एक शब्दही बोलले नाही. दीड तासातली एकूण भांडणे ११ आणि त्यांतली आठ दोराची.

१३ ते २२ ऑगस्ट

दोराची भांडणे सोडवण्यात दहा दिवस गेले. पहिला दोर काथ्याचा होता, ९० रुपयांचा, सहा फुटांचा. सहा फुटांत नऊ मुले मावत नाहीत. पुढे कोण यावरून रोज ढकलाढकली झाली आणि दोघांच्या तळहातांना काथ्याने ओरखडे पडले. मावशींनी कारखान्यातल्या टाकाऊ सुताचा पंधरा फुटी दोर वळून आणला. त्यावर दर सव्वा फुटावर गाठ मारली आणि प्रत्येक गाठीत वेगळ्या रंगाची चादरीची चिंधी बांधली. आता मूल येते, लाल चिंधी किंवा हिरवी चिंधी धरते आणि ती त्याची जागा होते. “एका वेळी एकानेच पुढे जायचे” हे मी जूनपासून दिवसातून वीस वेळा सांगत होते. चिंध्या बांधल्यापासून एकदाही सांगावे लागले नाही. २२ ऑगस्टची भांडणे ९.

याच दहा दिवसांत स्वतःसाठी एक नियम केला. भांडण झाले की लगेच न्याय करायला जायचे नाही. जवळ जाऊन बसायचे, जे दिसते ते फक्त बोलून दाखवायचे (“दोघांनाही हीच फळी हवी आहे”) आणि मनात वीसपर्यंत मोजायचे. कोणी मारत असेल तर हात धरायचा. तेवढ्यापुरते मोजणे रद्द. सुरुवातीला मी सातवर पोहोचून तोंड उघडत होते.

८ सप्टेंबर

वाळूचा कोपरा पुन्हा उघडला, या वेळी बाहेरच्या कट्ट्यावर. टब आणि चाळलेली वाळू मिळून ५४० रुपये. वाळू ओली करायला पाणी लागते आणि टाकी अंगणाच्या दुसऱ्या टोकाला आहे. दोन लहान बादल्या आणि दोन बांबू, एकूण ३१० रुपये, आणून कावड केली: बांबूच्या मध्ये बादली अडकवायची आणि दोन टोके दोघांनी खांद्यावर घ्यायची.

पहिल्या दिवशी बादली घसरून नेहमी बुटक्याच्या पाठीवर जाई आणि पाणी त्याच्याच अंगावर सांडे. मी सारख्या उंचीच्या जोड्या लावून दिल्या. मुलांनी त्या मोडल्या, कारण त्यांना आपापल्या मैत्रिणीबरोबर जायचे होते. चौथ्या दिवशी छत्रीने बांबूच्या मधोमध ओढणी गुंडाळून बादलीला अडसर केला. तो निसटला तेव्हा सुताराकडून तेथे खाच पाडून घेतली. अडचण त्यांची, उपायही त्यांचा. आम्ही फक्त करवत पुरवली.

२० सप्टेंबर

पालकसभा सकाळी दहाला ठेवली होती, चौघी आल्या. बहुतेक आया विड्या वळतात आणि सकाळी त्या जमा करायला व पाने-तंबाखू आणायला कारखान्यात जातात. हे मला माहीत असूनही सभा दहाला ठेवली होती. सायंकाळी पाचला पुन्हा बोलावले, १९ जण आले. पहिलाच प्रश्न होता, “पोरं नुसती खेळतात, अक्षरं कधी?” मी बरेच काही बोलले आणि त्यातले फारसे कोणाला पटले असे वाटत नाही. मग मावशींनी कावड पुढे ठेवली आणि दोन आयांना बादली न सांडता टाकीपासून कट्ट्यापर्यंत आणायला सांगितली. निम्मी बादली सांडली, सभेत हशा पिकला आणि एका आईने मुलाला विचारले की तुम्ही हे कसे करता. अक्षरांचा प्रश्न मात्र तसाच राहिला. मोठ्या गटासाठी रोज वीस मिनिटे पाटी ठेवण्याचे मान्य केले आणि ते मला गैरही वाटत नाही.

१० नोव्हेंबर

दिवाळीनंतर खाऊ वाढण्याचे काम मुलांकडे दिले. पहिल्या दिवशी वाढणाऱ्याने स्वतःच्या ताटलीत चुरमुऱ्यांचा डोंगर केला आणि शेवटच्या तिघांना काही उरले नाही. पंगतीत वाढपी सर्वांत शेवटी जेवतो, तोच नियम लावला. दुसऱ्या दिवशी शेवटी उरलेले वाढप्याचे म्हणून त्याने इतरांना चिमूटभरच वाढले. आता दोन वाढपी असतात आणि दुसरा पहिल्यावर लक्ष ठेवतो.

१९ जानेवारी २०२६

गड्ड्याची जत्रा, म्हणजे सिद्धेश्वराची संक्रांतीची यात्रा, पाहून आलेली मुले गेले चार दिवस नंदीध्वज (मिरवणुकीतली मानाची उंच काठी) काढत आहेत. कावडीचा एक बांबू म्हणजे काठी, वर चार कोन आणि चादरीचा तुकडा. खऱ्या मिरवणुकीत काठी पेलणाऱ्याभोवती सावरणारे असतात, तसे येथेही एक मूल मध्ये आणि पाच-सहा जण भोवती. बाराबंदीऐवजी (मिरवणुकीतला पांढरा अंगरखा) मावशींचे दोन पांढरे टॉवेल. “हर्र बोला हर्र” अशा आवाजात यंत्रमागही ऐकू येत नाहीत. भांडणे आज फक्त ५, वर्षातला सर्वांत कमी आकडा. मी मंडळाच्या अध्यक्षांना बोलावून हे दाखवले.

२२ जानेवारी

तो आकडा पाहून मी फार लवकर खूश झाले.

आज काठीचा खेळ चालू असताना मासा खुंट्यांखाली दप्तर मांडीवर घेऊन बसलेला दिसला. कालही तेथेच होता का, हे मला आठवेना. वही मागे चाळली. भांडणाच्या रेघांपुढे त्याचे चित्र शेवटचे आले होते ते ३ डिसेंबरला. जुलैनंतर त्याची भांडणे कमी झाली ती भाषेमुळे, असे मी धरून चालले होते, आणि काही महिने ते खरेही असावे. डिसेंबरनंतर मात्र तो भांडत नाही कारण त्याला कोणी खेळातच घेत नाही. काठी पडू द्यायची नसेल, रथ जोरात ओढायचा असेल तर लहान आणि हळू मुलांना बाजूला ठेवणे हेच शहाणपणाचे, असा हिशेब मोठ्या मुलांनी केला आहे. एकत्र काम करायला ती शिकली आणि त्याबरोबर कोणाला वगळायचे हेही शिकली. माझ्या वहीत त्याला रेघ नव्हती.

आजपासून दुसरे पान केले. दर पंधरा मिनिटांनी पाहायचे आणि जो कोणाबरोबरही नाही त्याचे चित्र लिहायचे. एखाद्याला एकटेच बसायचे असते हे मान्य. पण तेच चित्र सलग आठवडाभर आले तर थांबून लक्ष घालायचे. पहिल्याच दिवशी मासा, पेरू आणि ‘घुबड’ ही तीन चित्रे आली.

३१ जानेवारी

“यालाही घ्या” असे सांगून पाहिले. घेतले, हातात एक कोन दिला, पाहुणा म्हणून उभे केले आणि दोन मिनिटांत विसरले. मग लहानांसाठी वेगळा छोटा रथ करून दिला. लहानांनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. त्यांना मोठाच रथ हवा आहे. आठवडा गेला.

९ फेब्रुवारी

कोनांऐवजी आता फळीखाली दोन इंची पाइपचे तुकडे वापरतो, जे त्याच नळकामवाल्या पालकांनी फुकट दिले. त्यावर रथ इतका वेगाने जातो की शुक्रवारी चमच्याच्या पायाच्या बोटाला लागले. रथ बंद करण्याच्या विचारात होते, पण मावशींनी आज घरून लाकडाची एक पाचर करून आणली आणि तिला हातभर सुतळी बांधली. पाइपाखाली पाचर घातली की रथ थांबतो, सुतळी ओढली की सुटतो. पाचर घालणाऱ्याने वाकून फळीच्या अगदी कडेला बसायला हवे आणि उंच मुलांना ते नीट जमत नाही. शिवाय दोर ओढणे सोडून तिकडे बसायला कोणी तयार नव्हते. मासा खुंट्यांखालून उठला आणि पाचर घेऊन बसला.

पहिल्या फेरीत त्याने रथ थांबवला तो सोडलाच नाही. नऊ जण दोर धरून “सोड, सोड” ओरडत होते. त्याने सर्वांकडे एकदा पाहिले, मग सुतळी ओढली.

२० फेब्रुवारी

पाचरीला आता मागणी आली आहे. दुसरी करावी का, असे मावशींनी विचारले. नको म्हटले. दुसरी पाचर झाली तर दोन रथ होतील. घुबड आणि पेरू पाळीने मासाबरोबर बसतात, पाळी त्यांनी तिघांनी ठरवली, ती मला नीटशी समजलेली नाही. एकटे कोण, या पानावर या आठवड्यात पेरूचे चित्र दोनदा आले, इतरांचे नाही.

७ मार्च

हिशेब मंडळाला दिला. एकूण खर्च ३,१५० रुपये, त्यांपैकी आगगाडी आणि रंगाचे मिळून ५६० वाया. शिल्लक ८५०. कोन आता ९० उरले आहेत. जूनपूर्वी पुन्हा कारखान्यात जावे लागेल, या वेळी उन्हाळ्यातच. एक फळी उभी चिरली आहे, ती सुताराला दाखवायची. दोराच्या तीन चिंध्या बदलायच्या. वाळू पुन्हा चाळायची, कारण मांजर येते. तेलुगू शब्दांची यादी पंधरावरून ४३ वर गेली आहे आणि ती कागदावर उतरवून घेतली पाहिजे, फळा पुसला जातो.

आजची भांडणे १३. पाचर कोणी घ्यायची यावरून सहा, त्यांतली चार मासाची.